दहावीनंतर एक वर्ष मिनेसोटात: सोलापूरहून एक्सचेंजला जाणाऱ्या पोरापोरींसाठी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी बोलावून घेतलं, त्यांच्या मुलीचं एक्सचेंजला सिलेक्शन झालंय, म्हणजे वर्षभर अमेरिकेत तिथल्या कुटुंबात राहून तिथल्याच शाळेत शिकायचं, मीही दहावीनंतर असंच एक वर्ष मिनेसोटात राहून आलेय, तर बरोबर काय काय द्यायचं, चटणी किती, स्वेटर इथून घ्यायचे की तिकडे. दोन तास बोललो आम्ही, आणि घरी येताना लक्षात आलं की बॅगेचं बोलणं जेमतेम दहा मिनिटं झालं, बाकी सगळा वेळ मी एकच गोष्ट सांगत होते की तिला तोंड उघडून मागायची सवय लावा. म्हटलं लिहूनच काढू, अजून कुणाला उपयोग होईल.

आधी कागदांचं पटकन सांगते. अमेरिकेत शाळेच्या एक्सचेंजला जे-१ व्हिसा लागतो. प्रोग्रॅम सुरू होताना वय १५ पूर्ण आणि साडेअठराच्या आत पाहिजे, आणि बालवाडी सोडून ११ वर्षांपेक्षा जास्त शाळा झालेली नको, त्यामुळे आपल्या दहावीनंतर लगेच गेलं की बरोबर बसतं. पाठवणारे प्रोग्रॅम बरेच, रोटरीचा युथ एक्सचेंज आहे, एएफएस नावाची संस्था आहे, आणि केनेडी-लुगर यस नावाची तिकडच्या सरकारची पूर्ण स्कॉलरशिप आहे जी २००२ साली सुरू झाली. प्रत्येकाच्या तारखा आणि अटी वेगळ्या, आणि त्या बदलतात, म्हणून त्यांच्याच साइटवर बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. व्हिसासाठी मुंबईला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये जावं लागतं. आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेलो होतो आणि स्टेशनवरच तोंड धुऊन आवरलं, पण मी म्हणेन एक दिवस आधी जाऊन राहा, गाडी लेट झाली तर जिवाला घोर नको.

लसींचं मात्र आजच बघा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), हिपॅटायटिस बी, कांजिण्या, पोलिओ, धनुर्वाताचा डोस, सगळ्याच्या तारखा लागतात, आणि लहानपणीचं लसीचं कार्ड कुठल्या तरी पेटीच्या तळाशी असतं किंवा नसतंच. माझी टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि घरात रडारड, आजीनं तर देव पाण्यात ठेवायचे बाकी होते. नंतर कळलं की आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस देतात त्यामुळे ती टेस्ट अशी येऊ शकते, रक्ताची टेस्ट असते वेगळी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती आधीच केली असती तर आमचे तीन आठवडे आणि आईची झोप दोन्ही वाचलं असतं. डॉक्टरांना आधीच विचारा रक्ताची करता येईल का म्हणून.

आता मुद्द्याचं. पहिल्या रात्री होस्ट मॉमनं, म्हणजे ज्यांच्या घरी राहायचं तिथल्या आईनं विचारलं, अजून पास्ता हवाय का. मी म्हटलं नो थँक यू. आता आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतंच ना, काकू म्हणणार अगं घे की, एवढंसं काय खातीस, आणि मग तिसऱ्यांदा विचारायच्या आत अर्धी भाकरी ताटात पडलेली असते. तिकडे तिनं मान हलवली, भांड्याला झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. मी बघत राहिले. असं आठवडाभर चाललं, मी अर्धपोटी झोपायचे आणि रात्री बॅगेतली शेंगा चटणी चमच्यानं खायचे. फ्रिज उघडायचं धाडस होईना, दुसऱ्याच्या घरात फ्रिज कसा उघडायचा, आपल्यावर तसे संस्कारच नाहीत. शेवटी प्रोग्रॅमतर्फे आमच्यावर लक्ष ठेवणाऱ्या को-ऑर्डिनेटरनं विचारलं तेव्हा मी रडले, आणि तिनं होस्ट मॉमला सांगितल्यावर ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त रडली, कारण तिला वाटत होतं मला तिच्या हातचं आवडत नाही. म्हणजे दोघी एकाच टेबलावर बसून एकमेकींना जपत होतो आणि मी उपाशी.

तर पहिल्याच आठवड्यात हे सगळं विचारून टाका: भूक लागली तर मी काय काय घेऊ शकते, कपडे कोण धुणार आणि कधी, अंघोळीला किती वेळ, खोलीचं दार उघडं ठेवायचं का, तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू. उद्धटपणा वाटेल विचारताना पण तिकडे हे न विचारणंच विचित्र वाटतं. जे-१ च्या शाळेच्या प्रोग्रॅममध्ये होस्ट फॅमिलीला पैसे मिळत नाहीत, ती माणसं स्वतःहून आपल्याला घरात घेतात, म्हणून ओझं बनू नये असं आपल्याला वाटतं आणि आपण गप्प बसतो. पण गप्प बसलेलं पोर हेच त्यांना ओझं वाटतं, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. मी भांडी लावायला लागले, कुत्र्याला फिरवायला लागले, आणि एक दिवस हॉलमधल्या सोफ्यावर माझ्याच नकळत झोपले, त्या दिवशी होस्ट डॅड म्हणाला की आता तू आमच्या घरची झालीस.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. काहींच्या डोक्यात मासे चालतात, भाजीच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असतं, राजम्यासारख्या बीन्समध्ये कधी डुकराची चरबी, मार्शमॅलोत जिलेटिन, तेही जनावराचंच. काय चालतं काय नाही याची यादी लिहून फ्रिजवर चिकटवा, कुणाला राग येत नाही. आणि आठवड्यातून एकदा तुम्ही स्वयंपाक करा. जायच्या आधी वरण, पिठलं, पोहे एवढं तरी शिकून घ्या, मुलांनीसुद्धा. ज्वारीचं पीठ तिकडे सोरघम नावानं मिळतं. अमेरिका ज्वारी पिकवण्यात जगात पुढच्या नंबरात आहे पण बरीचशी जनावरांना आणि इथेनॉलला जाते, हे ऐकून आमच्या ज्वारीच्या मंगळवेढ्याच्या मामांना फार वाईट वाटलं. माझ्या भाकरी नकाशासारख्या व्हायच्या पण होस्ट ब्रदर लोणी लावून दोन-दोन खायचा. चटणी न्यायची असेल तर कोरडी न्या आणि विमानतळावर विचारलं की खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगा. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर काढून घेतात.

भाषेची भीती सगळ्यांना असते, मराठी मीडियमवाल्यांना जास्त. मला तीन आठवडे लागले कान बसायला, बोलतात फार भरभर. पण एक सांगू का, सोलापूरच्या पोरांना ही गोष्ट येते आधीपासून. आमच्या साखर पेठेत शेजारी तेलुगू, समोर कन्नड, दुकानात हिंदी, आणि लहानपणापासून आपल्याला माहीत असतं की या घरात चप्पल कुठे काढायची, त्या घरात काय बोलायचं नाही. तेच कौशल्य तिकडे लागतं. चूक झाली तर झाली, वाक्य अर्ध्यात सोडू नका. इंग्रजी पेपरात चांगले मार्क असलेली मुलगी जेवणाच्या सुट्टीत एकटी बसलेली मी पाहिलीये, आणि मोडकंतोडकं बोलणारा ब्राझीलचा मुलगा सगळ्या टेबलांवर फिरायचा.

शाळेत वर्ग आपण बदलायचा, मास्तर एका जागी. परीक्षेपेक्षा रोजच्या कामाला मार्क जास्त, त्यामुळे शेवटच्या महिन्यात रट्टा मारून निघत नाही. नेटवरचं वाक्य उचलून लिहिलं तर ती चोरी धरतात, शून्य मिळतो, आपल्या गाइडच्या सवयीला हे जड जातं. सकाळी त्यांच्या झेंड्याची प्रतिज्ञा होते, आपण आदरानं उभं राहायचं, म्हणायची सक्ती नाही. आणि एखादा खेळ किंवा बँड किंवा नाटक, काहीतरी धराच, मित्र वर्गात होत नाहीत, शाळा सुटल्यावर होतात. हिस्टरीच्या मॅडमनी गावाबद्दल बोलायला सांगितलं तेव्हा मी चादरीबरोबर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं सांगितलं, १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ ला चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ ला तिथेच वारले, वय फक्त ३२. त्यांचं स्मारक आहे त्या भैया चौकातून मी शंभर वेळा गेले असेन पण त्यांच्याबद्दल नीट वाचलं ते मिनेसोटात बसून. त्या बोलण्यानंतर दोन मुली स्वतःहून माझ्याशी बोलायला आल्या. गावाबद्दल असं काहीतरी तयार ठेवा, विचारतातच.

थंडीचं काय सांगू, आपण ४३ अंशातली माणसं. जानेवारीत सकाळी मोबाइलवर उणे २० दिसलं, ते फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे २९. कोट आणि बूट इथून घेऊ नका, इथले तिकडे चालत नाहीत, आणि होस्ट फॅमिलीकडे बरेचदा जुना जादाचा असतो, विचारा. थंडीपेक्षा अंधार वाईट. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि आपल्याला कळत नाही की आपण उदास का आहोत.

माझं सगळ्यात वाईट गेलं ते गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. यात्रेतल्या लग्नाचा अक्षता सोहळा इकडे दुपारी एकला तर तिकडे रात्रीचे दीड, मी पांघरुणात मोबाइलवर मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघत होते, पांढरी बाराबंदी घातलेले सगळे, आणि गर्दीत बाबा कुठे दिसतात का शोधत होते. त्यानंतर आठवडाभर रोज तीन-तीन तास घरी कॉल केला, शाळेत झोप, होस्ट फॅमिलीशी बोलणं बंद. आईनंच शेवटी सांगितलं की आता रविवारीच फोन कर. मला राग आला होता, तिलाही सोपं गेलं नसणार, पण त्या महिन्यात मी खरी तिकडे राहायला लागले. पालकांना हात जोडून सांगते, रोज व्हिडिओ कॉल करून जेवलीस का विचारू नका, आणि काही बिनसलं तर थेट होस्ट फॅमिलीला मेसेज करू नका, को-ऑर्डिनेटरला करा. दर महिन्याला मुलांशी बोलणं हे त्यांना नियमानंच करावं लागतं. माझ्याबरोबर गेलेल्या एका मुलाला घर बदलावं लागलं, त्यानं दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं कारण लोक काय म्हणतील. घर बदलणं म्हणजे नापास होणं नाही. आणि घरात कुणाच्या वागण्याची भीती वाटली तर त्याच दिवशी सांगायचं, महिन्याची वाट बघायची नाही.

परत आल्यावर मी सरळ अकरावीला ॲडमिशन घेतली, वर्गमैत्रिणी बारावीत. नीट-जेईई करायचं असेल तर हे एक वर्ष मागे पडणं घरात आधीच बोलून घ्या, आणि गॅपसाठी कुठली कागदपत्रं लागतील ते अमेरिकेला जायच्या आधीच कॉलेजला लेखी विचारा. अकरावीची ॲडमिशन २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीये, तारखा निघून गेल्या तर धावपळ होते, आणि तिकडची शाळा जूनपर्यंत चालू असते, तर फॉर्म इकडे भरायला कुणीतरी नेमून ठेवा. तिकडून निघताना ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तिथली मार्कशीट, शाळेकडून सीलबंद पाकिटात घ्या, दोन प्रती. काकूंच्या मुलीला मी हेच सांगितलं, आणि तिला म्हटलं जायच्या आधी महिनाभर घरात आईनं आग्रह करायचा नाही, हवं असेल तर तूच मागायचं. परवा काकू भेटल्या, म्हणाल्या पोरगी मागायला लागलीये पण मलाच वाढल्याशिवाय राहवत नाही.