कॅटकॉनच्या नावावर बिल फाडण्याआधी: या चुका टाळा

"कसारा घाट चढताना गाडी दम तोडते, रेस दाबली तरी ओढत नाही," ही तक्रार आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या गॅरेजवर ठरलेली. मीटरवर चेक इंजिनचा दिवा असतो आणि मालकाच्या खिशात आधीच्या मिस्त्रीची चिठ्ठी: पी०४२०, कॅटकॉन बदलावा. पी०४२० हा स्कॅनरनं गाडीच्या कॉम्प्युटरमधून वाचलेला दोषाचा कोड, आणि कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा. कित्येकदा चिठ्ठीचा आणि घाटाचा काही संबंधच नसतो, पण खर्च कॅटकॉनच्या नावानं होऊन जातो.

कोड वाचला, पण दुखणं कुठलं?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन तऱ्हांनी जातो. कधी आतल्या सिरॅमिक जाळीवरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप निकामी होतो. मग धूर साफ होत नाही, पण गाडी पळायला छान पळते. कधी जाळीच वितळते किंवा तुटून आडवी बसते. मग धुराला वाट उरत नाही आणि गाडी चढावर मान टाकते. पी०४२० हा पहिल्या दुखण्याचा कोड आहे. चोंदलेल्या कॅटकॉनला तो येईलच असं नाही. म्हणून पिकअप गेलेल्या गाडीत हा कोड दिसला, तरी पेट्रोल पंपाचा दाब, एअर फिल्टर, कॉइल हे सगळं तपासायचं राहतंच.

कोड येतो तो धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या दोन सेन्सरच्या तुलनेतून: पुढचा कॅटकॉनच्या आधी, मागचा नंतर. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होत असतो. चांगला कॅटकॉन ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला, की कॉम्प्युटर कॅटकॉनवर शंका घेतो. पण सायलेन्सरच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल, तरी मागचा सेन्सर नाचतो. गॅस्केटजवळची काजळी बघा, थंड गाडी चालू करून जोडापाशी फटफट आवाज येतो का ऐका. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण थेट मोजणारा. तो व्होल्टमध्ये असा नाचत नाही, म्हणून "पुढचा सेन्सर मेलाय" असं म्हणून तो बदलू नका. तिथे लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; १ म्हणजे बरोबर) १ च्या आसपास आहे का, ते बघायचं.

मारेकरी मोकळा सोडणे

ही सगळ्यात महागडी चूक. सिन्नरहून एक हॅचबॅक आली होती. सव्वा वर्षात कॅटकॉन एकदा बदलून झालेला, आणि कोड पुन्हा हजर. मालक वैतागून म्हणाला, "दादा, आता गाडीच विकतो." स्कॅनर लावून महामार्गावर फेरी मारली, तर पंचवीस मिनिटांनंतरही इंजिनचं तापमान साठ अंशांच्या वर जाईना. ते नव्वदच्या आसपास हवं. मालकाला आठवलं: उन्हाळ्यात गाडी गरम होत होती, तेव्हा एका गॅरेजनं थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकला होता. "आता कधीच गरम होणार नाही" म्हणाले, आणि ते खरंच झालं.

इंजिन गारच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहिला. त्यात निफाड-सिन्नरकडची डिसेंबरमधली सकाळ. प्लग काळेठिक्कर पडले, मिसिंग सुरू झालं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मधूनच पेटेनासं झालं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही कॅटकॉनमध्ये पोचतात आणि तिथे पेटतात. तापमान हजार अंशांपलीकडे जातं आणि जाळी वितळते. आधीचा कॅटकॉन त्यांनी डिकीत जपून ठेवला होता. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा.

म्हणून कॅटकॉन मेलेला सापडला, की आधी मारेकरी शोधा. मिसिंग, गळका इंजेक्टर, ऑइल जाळणारं इंजिन, हेड गॅस्केटमधून आत जाणारं कूलंट. ऑइलमधलं फॉस्फरस आणि कूलंटमधले क्षार त्या लेपावर थर चढवतात, आणि तो थर कुठल्याही बाटलीतल्या औषधानं उतरत नाही. आणखी एक: चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ती कॅटकॉन जाळणाऱ्या मिसिंगची सूचना आहे. "द्वारका सर्कल ओलांडून बघू" म्हणू नका. गाडी कडेला घ्या.

लीन दिसलं, सेन्सर बदलला

पी०१७१ म्हणजे लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), पी०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). दोन्ही कोडवर सर्रास ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. तो बिचारा निरोप्या असतो. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा असेल, तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि कॉम्प्युटर चांगल्या इंजिनात जादा पेट्रोल ओततो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघायची सवय लावा, म्हणजे ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कॉम्प्युटर वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं. आयडलिंगला (रेस न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला ती खाली येत असेल, तर हवेची गळती शोधा: तडकलेला रबर पाइप, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट लोड आल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर. पण अनेक छोट्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे हवा गळली तर लीन कोडऐवजी नुसतं आयडलिंग चढतं. पुस्तकातला नियम सगळ्या गाड्यांना लावला, की दिवस वाया जातो.

मॅप सेन्सरसाठी नाशिककरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी तो १०१ नाही, ९४-९५ किलोपास्कल दाखवणार. तो दोष नाही. इंजिनची हवा ओढण्याची ताकद मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचंही तेच: मुंबईत १८ इंच दाखवणारं इंजिन इथे १६ दाखवतं.

इंधनाचाही हात असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या गाडीची ट्रिम तेवढी वर सरकली, तर ती गळती समजून इंजिन उघडू नका.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीत आधी पेट्रोलवरची ट्रिम सरळ करा, मग गॅसचं ट्यूनिंग. क्रम उलटा झाला, तर पेट्रोलच्या बाद इंजेक्टरच्या आकड्यांवर गॅसचं गणित बसतं.

चोंदलंय की नाही, हे मोजा

पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत दाब असेल, तर वाट मोकळी आहे. तापमानाची बंदूक रोखून "मागचं तोंड थंड, म्हणजे कॅटकॉन गेला" असा निकाल देणारे बरेच आहेत. मिश्रण बरोबर असेल, तर कॅटकॉनमध्ये जाळायला फारसं उरतच नाही, मग तोंडं जवळपास सारखीच तापतात. त्या बंदुकीवर मी तरी पैसे लावणार नाही.

आणि रिकामा करून घेणं? जाळी फोडून नळी मोकळी केली की घाटात पळते, हे खरं. पण ते बेकायदा आहे, पीयूसीला लॅम्डा बरोबर आला तरी कार्बन मोनॉक्साइड पकडला जातो, आणि मागचा सेन्सर रोज पी०४२० मारत राहतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून लगेच "झालं" म्हणू नका. कोड पुसला की कॉम्प्युटरची कॅटकॉन चाचणीही शून्यावर येते. आडगावहून पिंपळगाव बसवंतपर्यंत गरम इंजिनानं एकसारख्या वेगात जा आणि मागच्या सेन्सरवर नजर ठेवा. सिन्नरच्या गाडीत थर्मोस्टॅट आणि प्लग घातले. दुसरा कॅटकॉन वितळलेला नव्हता, काजळी धरून बसला होता. ओझरच्या पुढे गेल्यावर आकडा ०.६५ वर स्थिर झाला, आणि मालकानं विचारलं, "मग पहिल्या कॅटकॉनचे पैसे कुणाकडे मागायचे?"