ग्नूप्लॉटमध्ये आलेख काढताना: आधी फाइल तपासा, मग रेघ ओढा

ग्नूप्लॉट १९८६ पासून चालत आलेला प्रोग्रॅम आहे. यात बटणं शोधत बसायचं नसतं. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचा, की आलेख समोर येतो. आलेख काढणं यात खरंच सोपं आहे. घोळ होतो तो त्याच्या आधी, म्हणजे फाइलमध्ये काय लिहिलंय याबद्दल तुमची समजूत एक आणि प्रोग्रॅमची दुसरी असते तेव्हा. म्हणून इथे रंग आणि रेघांच्या जाडीपेक्षा फाइल वाचण्यावर जास्त भर दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. फाइलमधले आकडेही इंग्रजीच (0, 1, 2...) हवेत, देवनागरी आकडे प्रोग्रॅमला संख्या म्हणून कळत नाहीत.

उदाहरणासाठी थंड होत जाणाऱ्या पाण्याच्या नोंदींची 'थंड.डॅट' ही साधी टेक्स्ट फाइल घेऊ:

# वेळ (सेकंद)   तापमान (°से.)   त्रुटी
०     ८०.१   ०.३
६०    ७६.५   ०.३
१२०   ७३.१   ०.३
१८०   ७०.०   ०.३

हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ टिप्पणी मानली जाते आणि वगळली जाते, त्यामुळे एककं तिथेच लिहून ठेवावीत. रकान्यांमध्ये एक स्पेस असो की दहा की टॅब, फरक पडत नाही. रिकाम्या ओळींनी मात्र पडतो. एक रिकामी ओळ आली की तिथे रेघ तुटते, आणि लागोपाठ दोन आल्या की तिथून नवा डेटासंच सुरू झाला असं धरलं जातं. तो 'इंडेक्स १' असं लिहून वेगळा काढता येतो (मोजणी शून्यापासून). कॉपी-पेस्ट करताना मधे शिरलेली रिकामी ओळ हे तुटक रेघेचं नेहमीचं कारण.

आलेख काढण्याआधी ही एक आज्ञा द्या:

स्टॅट्स 'थंड.डॅट' यूझिंग २

दुसऱ्या रकान्यात किती नोंदी वाचल्या गेल्या, किती अवैध ठरल्या, किमान, कमाल आणि सरासरी किती, हे सगळं स्क्रीनवर येतं. फाइलमध्ये ५०० ओळी असून नोंदी ४१२ दिसत असतील तर पुढे जाऊ नका, आधी उरलेल्या ओळी शोधा. कमाल तापमान ९९९९ दिसलं तर ती उपकरणाने 'वाचन मिळालं नाही' यासाठी टाकलेली खूण असणार.

आता आलेख:

प्लॉट 'थंड.डॅट' यूझिंग १:२ विथ पॉइंट्स

'यूझिंग १:२' म्हणजे पहिला रकाना आडव्या अक्षावर, दुसरा उभ्यावर. मोजलेला डेटा ठिपक्यांनीच दाखवावा. 'विथ लाइन्स' वापरलं की दोन मोजणींच्या मधेही काहीतरी मोजलंय असा भास होतो. रेघ सूत्रासाठी राखून ठेवा. तिसऱ्या रकान्यात त्रुटी (मोजणीतली अधिक-उणे अनिश्चितता) असेल तर 'यूझिंग १:२:३ विथ वायएररबार्स' लिहायचं. चार रकाने दिले तर मात्र तिसरा आणि चौथा हे खालचं व वरचं टोक म्हणून थेट वाचले जातात, अधिक-उणे म्हणून नाही.

रकान्यावर गणित करायचं तर कंस आणि डॉलर दोन्ही लागतात: 'यूझिंग १:($२+२७३.१५)'. डॉलर विसरून नुसतं (२) लिहिलंत तर प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. तो २ ही संख्याच समजेल आणि सगळे ठिपके २ च्या उंचीवर एका ओळीत मांडेल. याहून फसवी चूक भागाकाराची. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला कोणीही सहज लिहील:

यूझिंग १:(५/९*($२-३२))

आणि सगळा आलेख शून्यावर आडवा पडेल. दोन्ही पूर्णांक असतील तर ग्नूप्लॉट भागाकारही पूर्णांकातच करतो, त्यामुळे ५/९ चं उत्तर शून्य येतं. '५.०/९.०' लिहिलं की काम झालं. सूत्रातल्या अपूर्णांकाला दशांश चिन्ह देण्याची सवयच लावून घ्या.

स्प्रेडशीटमधून काढलेल्या स्वल्पविरामाच्या फाइलसाठी आधी हे सांगावं लागतं:

सेट डेटाफाइल सेपरेटर कॉमा

हे राहून गेलं की बहुधा 'स्किपिंग डेटा फाइल विथ नो व्हॅलिड पॉइंट्स' असा इशारा येतो. फाइल सापडली, उघडली, पण तिच्यात संख्या दिसल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शीर्षकाची पहिली ओळ वगळायला फाइलच्या नावापुढे 'स्किप १' लिहा. ती आलेखाच्या सूचीत नाव म्हणून हवी असेल तर 'सेट की ऑटोटायटल कॉलमहेड'. शीर्षकात अंडरस्कोर असेल तर त्याच्या पुढचं अक्षर खाली, लहान छापलं जातं. ते नको असेल तर 'सेट टर्मिनल' या (खाली शेवटी दिलेल्या) आज्ञेत 'नोएन्हान्स्ड' जोडा.

नोंद नसलेल्या जागांचा प्रश्न स्पेसने विभागलेल्या फाइलमध्ये जास्त छळतो. मधला आकडा नुसता गाळला की पुढचे सगळे रकाने एक घर डावीकडे सरकतात, आणि त्रुटीचा आकडा तापमान म्हणून छापला जातो. तिथे काहीतरी खूण हवीच. उपकरण -९९९ टाकत असेल तर मूळ फाइल न बदलता वाचतानाच गाळणी लावा:

यूझिंग १:($२ < -९०० ? नॅन : $२)

('नॅन' म्हणजे 'ही संख्या नाही'. त्यातली दोन्ही एन मोठी, मधला ए लहान.) त्या जागी रेघ तुटते, आणि तसंच व्हायला हवं. मूळ फाइल हाताने 'साफ' करू नका. सहा महिन्यांनी कुठली ओळ का उडवली हे कोणालाच सांगता येत नाही, गाळणी मात्र स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलमध्ये) लिहिलेली राहते.

तारीख-वेळ असलेल्या फाइलला दोन वेगळ्या सूचना लागतात. आधी 'सेट एक्सडेटा टाइम'. मग 'सेट टाइमएफएमटी' ने फाइलमध्ये वेळ कशी लिहिली आहे ते सांगायचं. अक्षावर ती कशी दिसावी हे 'सेट फॉरमॅट एक्स' ठरवतं, वाचण्याशी त्याचा संबंध नाही. दोन्हींत टक्का-चिन्हापुढे अक्षरं येतात आणि इथे लहान-मोठ्याची गल्लत महागात पडते: लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. चार अंकी वर्षाला मोठा वाय, दोन अंकीला लहान. आणखी एक खाच आहे. तारीख आणि वेळ यांच्यात स्पेस असेल आणि फाइलही स्पेसने विभागलेली असेल, तर ते दोन रकाने मोजले जातात. म्हणजे तापमान तिसऱ्या रकान्यात आलं आणि लिहायचं 'यूझिंग १:३'. तीच फाइल स्वल्पविरामाची असेल तर १:२. वेळेचा अक्ष चालू असताना 'यूझिंग' गाळता येत नाही आणि 'स्टॅट्स' चालत नाही, म्हणून तपासणी आधीच उरकून घ्या.

लॉग (लॉगरिदमिक) अक्षाबद्दल थोडक्यात: 'सेट लॉगस्केल वाय' दिल्यावर शून्य आणि ऋण किमती गुपचूप गायब होतात. ठिपके कमी वाटले तर आधी तिकडे बघा.

आता सूत्र बसवणं, म्हणजे डेटाच्या सर्वांत जवळून जाईल अशा सूत्रातल्या किमती शोधणं, कारण पुष्कळजण ग्नूप्लॉटकडे येतात ते याचसाठी:

एफ(एक्स) = सी + ए*एक्सप(-एक्स/टाउ)
ए = ५५.०; टाउ = ९००.०; सी = २५.०
फिट एफ(एक्स) 'थंड.डॅट' यूझिंग १:२:३ वायएरर व्हाया ए, टाउ, सी
प्लॉट 'थंड.डॅट' यूझिंग १:२:३ विथ वायएररबार्स, एफ(एक्स) विथ लाइन्स

दुसरी ओळ ऐच्छिक समजू नका. सुरुवातीची किंमत दिली नाही तर प्रत्येक चल १ धरला जातो. टाउ १ असेल तर ६० व्या सेकंदालाच घातांकी पद इतकं लहान होतं की टाउ थोडा बदलून उत्तरात काहीच हलत नाही. मग कुठल्या दिशेने सरकायचं हे प्रोग्रॅमला कळत नाही आणि तो 'सिंग्युलर मॅट्रिक्स' म्हणून थांबतो. अंदाज डेटावरूनच काढा: सी म्हणजे खोलीचं तापमान, ए म्हणजे सुरुवातीचा फरक, टाउ म्हणजे तो फरक सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ. इथे फरक ५५ चा २० व्हायला, म्हणजे पाणी ४५ अंशांवर यायला, जो वेळ लागतो तो. अर्थात त्यासाठी नोंदीही तेवढ्या लांबपर्यंत घेतलेल्या हव्यात. पहिल्या तीन मिनिटांच्या चार ओळींवरून टाउ आणि सी दोन्ही नीट सुटे होणार नाहीत.

उत्तरात 'रिड्यूस्ड कायस्क्वेअर' बघा, म्हणजे त्रुटींच्या मानाने ठिपके सूत्रापासून किती दूर पडतात याचं माप. त्रुटी खऱ्या असतील आणि सूत्र योग्य असेल तर ते १ च्या आसपास येतं. ते फारच मोठं आलं तर सूत्र चुकलंय किंवा त्रुटी कमी धरल्यात. ०.०५ सारखं आलं तर त्रुटी बहुधा उदारपणे धरल्या आहेत. आणखी एक: चलांपुढे छापलेली अनिश्चितता मुळात याच आकड्याने प्रमाणित केलेली असते. मोजलेल्या त्रुटींवरूनच ती हवी असेल तर आधी 'सेट फिट नोएररस्केलिंग' द्या. सगळा तपशील 'फिट.लॉग' या फाइलमध्ये जमा होत जातो.

चित्र फाइलमध्ये उतरवायला क्रम असा:

सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइझ १२००,८००
सेट आउटपुट 'थंड.पीएनजी'
प्लॉट ...
अनसेट आउटपुट

शेवटची ओळ विसरलात तर फाइल रिकामी किंवा अर्धवट दिसू शकते, कारण ती बंदच झालेली नसते. पीएनजीत आकार पिक्सेलमध्ये असतो, 'पीडीएफकैरो' मध्ये इंचांत. तिथे १२००,८०० तसंच ठेवलं तर शंभर फुटांचं पान मागितल्यासारखं होतं, म्हणून 'साइझ १२सीएम,८सीएम' असं (सेंटिमीटर हे) एककासह लिहा.

या सगळ्या ओळी एका स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा. लांब आज्ञा पुढच्या ओळीवर न्यायची तर शेवटी बॅकस्लॅश द्या. त्याच्यानंतर एक स्पेस जरी राहिली तरी आज्ञा तिथेच तुटते आणि डोळ्यांना कारण दिसत नाही. विंडोजमधले फाइलींचे पत्ते (पाथ) एकेरी अवतरणात लिहा, कारण दुहेरी अवतरणात बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते आणि फाइल सापडत नाही. एकच स्क्रिप्ट वेगवेगळ्या फाइलींवर चालवायची असेल तर आवृत्ती ५ पासून 'ग्नूप्लॉट -सी' पुढे स्क्रिप्टचं नाव आणि मग डेटा फाइलचं नाव द्या. स्क्रिप्टमध्ये ते 'आर्ग१' या चलात मिळतं (अक्षरं मोठी). बाकीचे पर्याय 'सी' च्या आधी टाका, कारण स्क्रिप्टच्या नावानंतरचं सगळं स्क्रिप्टकडेच जातं.