डिरेक्टरीत पैसे भरून नाव नोंदवण्यापूर्वी

वरुड तालुक्यातील संत्रा रोपवाटिका असो किंवा ताडोब्याजवळच्या गावातील होमस्टे, वेबसाइट सुरू झाली की 'आमच्या डिरेक्टरीत (व्यवसायांची नावे-पत्ते देणाऱ्या वेबसाइटवरील यादीत) वर्षाचे पैसे भरा, गूगलवर वर याल' असे सांगणारे फोन येऊ लागतात. नोंदणी विकत मिळते, गूगलवरचा क्रमांक मात्र तिच्यासोबत मिळत नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी थोडी तपासणी अवश्य करावी.

त्या डिरेक्टरीतील एखादी जुनी नोंद संगणकावर उघडा, तेथील वेबसाइटच्या लिंकवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा आणि कोडमध्ये 'नोफॉलो' (nofollow) किंवा 'स्पॉन्सर्ड' (sponsored) हा इंग्रजी शब्द, म्हणजे गूगलसाठी लावलेली खूण, दिसतो का ते पाहा. पहिली खूण २००५ पासून आणि दुसरी २०१९ पासून वापरात आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला अशी खूण लावावी, असा गूगलचा नियम आहे. खूण असेल, तर त्या लिंकमुळे क्रमांक वाढेल अशी अपेक्षा धरू नये. खूण नसेल, तर क्रमांकासाठी विकत घेतलेली ती लिंक गूगलच्या स्पॅम धोरणात मोडते. गूगलने निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत २०१२ मध्ये केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलानंतर अशा लिंकांवर विसंबलेल्या अनेक वेबसाइट मागे पडल्या, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

तरीही नोंदणी सरसकट वाया जाते असे नाही. ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत शेतकरी टाकेल तसे शब्द टाका, उदाहरणार्थ 'जंबेरी खुंटावरील संत्रा कलमे वरुड'. त्या डिरेक्टरीचे पान पहिल्या काही निकालांत आले, तर तिथून ग्राहकाचा फोन येऊ शकतो. अशा वेळी तो खर्च जाहिरातीचा समजून करावा, आणि तोही आधी मोफत नोंद मिळते का हे विचारूनच.

खरा जोर गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलच्या शोधात व नकाशावर दिसणाऱ्या आपल्या व्यवसायाच्या नोंदीवर द्यावा, कारण ते मोफत आहे. स्थानिक निकाल शोधाशी सुसंगतता, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात. पैसे देऊन त्यांतील स्थान सुधारता येत नाही, असे गूगलने स्वतःच म्हटले आहे. खेड्यात सर्वाधिक घोळ नकाशावरील पिनचा होतो. ती गावाच्या मध्यावर किंवा थेट तालुक्याच्या ठिकाणी पडते आणि कलमांसाठी गाडी घेऊन निघालेला शेतकरी भलत्याच रस्त्याला लागतो. म्हणून नकाशा उपग्रह दृश्यात मोठा करून पिन रोपवाटिकेच्या फाटकावर आणून ठेवावी. नाव पाटीवर आहे तेच लिहावे, फोन क्रमांक सगळीकडे एकच द्यावा आणि कलमे नेलेल्या शेतकऱ्यांना अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. त्याबदल्यात सूट देऊ नये, तेही नियमबाह्य आहे.

पैसे भरलेच, तर पावसाळ्यापूर्वीच्या बुकिंगच्या वहीत 'कुठून कळले' असा रकाना आखावा. वर्षअखेरीस त्यात डिरेक्टरीचे नाव फारसे दिसले नाही, तर नूतनीकरणाची तारीख येण्याआधीच खात्यातून आपोआप होणारी कपात बंद करून घ्यावी.