सापाची हायब्रीड (दोन जातींच्या संकराची) अंडी पडणार असतील तर आधी मार्कर आणा

दोन वर्षांपूर्वी कोलशेतला घर शिफ्ट करताना सापांचा एक टब तडकला, आणि मी दोन रात्रींसाठी माझे दोन पाळीव साप, कॉर्न स्नेकची मादी आणि एमोरी रॅट स्नेकचा नर एकाच टबात ठेवले. एमोरीला पूर्वी कॉर्नचीच उपजात धरायचे, त्यामुळे एकमेकांना त्रास देणार नाहीत एवढाच विचार केला. त्रास दिला नाहीच. पाचेक आठवड्यांनी मादीने चौदा अंडी घातली. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या दुसऱ्या कॉर्नने, जिची जोडी मी रीतसर लावली होती, बारा घातली. या दोन क्लचचं (एका वेळच्या अंड्यांना क्लच म्हणतात) मी पुढे काय करून ठेवलं ते खाली येईलच. तोपर्यंत ज्याच्या घरी असा घोळ झालाय त्याने ही तयारी करून ठेवा.

पहिलं म्हणजे तारीख लिहा. नर-मादी एकत्र कधी सापडले, किती वेळ होते, सगळं. लक्षात राहील म्हणू नका, नाही राहत. मादी अंडी घालायच्या आधी एकदा कात टाकते, त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत अंडी येतात, म्हणजे कात दिसली की अंडी घालायला ओल्या मॉसचा (शेवाळाचा) डबा आत गेला पाहिजे. मॉस घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये मिळतं, अंडी ज्यात ठेवायची ते व्हर्मिक्युलाइटपण (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) तिथेच घ्या, एका फेरीत काम होतं. पाण्याची वाटी, टबाची सफाई वगैरे सांगत बसत नाही.

आता मार्कर. परमनंट मार्कर घ्या, स्केचपेन नाही, स्केचपेन दमट हवेत दोन दिवसांत पसरतं. आणि लेबल डब्याच्या अंगावर लावायचं. झाकणावर नाही. परत लिहितो, झाकणावर नाही.

अंडी ठेवायची की नाही हे घातली त्याच दिवशी ठरवा, फार तर दुसऱ्या दिवशी. चौदा पिल्लांना घरं मिळणार नाहीत हे दिसत असेल तर ताजी अंडी सरळ फ्रीजरमध्ये टाका, यात क्रूर काही नाही, सुरुवातीला आतला गर्भ अगदी छोटा असतो. तीन आठवडे झाले, टॉर्च लावून बघितलं, लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मग विचार बदलला, असं करू नका. तेव्हा फ्रीजर नाही, प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. मी मोहात पडलो, कलर कसा येतो बघू म्हणून ठेवली. या क्रॉसला बाहेर रूटबिअर म्हणतात आणि पिल्लं छान दिसतात, नाही असं नाही.

ठेवलीत तर उलटीपालटी करायची नाहीत, वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण करा आणि जशी मिळाली तशीच उचलून ठेवा. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखं. तापमान २६ ते २९ डिग्री, आणि इथेच आपल्याकडचे लोक फसतात, कारण बाहेरच्या देशातली माहिती वाचून हीटिंग पॅड आणतात. अहो, मे महिन्यात ठाण्यात खोलीच बत्तीसवर असते! आपल्याला गरम नाही, गार करायचंय. मी मासळी मार्केटमधून थर्माकोलचा खोका आणला, दोन दिवस गच्चीत वाळवला (वास जातो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका), आणि एसीच्या खोलीत ठेवला, लाइट गेली की आत गार पाण्याची बाटली. जास्त उष्णतेने पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्लं निघू शकतात. दोन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात, अंडी फुटतात, तोपर्यंत बुरशीकडे लक्ष ठेवा.

पिल्लं बाहेर आली की प्रत्येकाला वेगळा डबा. प्रत्येकाला. एमोरी असू दे नाहीतर कोणीही, आणि बाप किंग स्नेक असेल तर मग विषयच संपला, किंग दुसरे साप खातो, त्याची पिल्लंही तो गुण उचलू शकतात, एका डब्यात दोन ठेवलीत तर सकाळी एक जाडं पिल्लू मिळेल.

आणि आता माझी चूक. छोले-पनीर पार्सल येतं ते गोल डबे, सव्वीस, सगळे एकाच मापाचे. मी लेबलं झाकणांवर लावली होती, वरून दिसतात म्हणून. एका रविवारी सफाईला बसलो, झाकणं काढून बादलीत टाकली, धुतली, पुसली, पुन्हा लावली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "यातलं कुठलं कुठल्या डब्यावर होतं रे?" मी हातातलं झाकण बघत बसलो. एच-७ लिहिलेलं (एच म्हणजे हायब्रीड, सी म्हणजे कॉर्न). आतलं पिल्लू एच-७ आहे की सी-३, ते सांगायला काहीच नव्हतं. लहान वयात साध्या रंगाचं कॉर्न आणि हे क्रॉस नुसतं बघून खात्रीने वेगळे करता येत नाहीत, काहींबाबत अंदाज येतो, अंदाजाला अर्थ नाही. बारा अस्सल कॉर्न माझ्याच हाताने मी संशयात टाकली. सगळी सव्वीस हायब्रीड धरावी लागली.

म्हणून डब्याच्या अंगावर. एका बाजूला नको, दोन्ही बाजूंना. आई कोण, बाप कोण, तारीख, नंबर. वर पारदर्शक टेप. प्रत्येक पिल्लाचा डब्यासकट फोटो फोनमध्ये. झाकणावर काहीही लिहू नका, किंमतसुद्धा नाही.

देताना चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी नको, "हायब्रीड आहे, आई कॉर्न, बाप एमोरी". हे जनावर पुढे प्रजनन करू शकतं, क्रॉस म्हणून वांझ नसतं. मी सव्वीसमधलं एक घाईत तोंडी सांगून दिलं होतं, त्या मुलाने ते तिसऱ्याला "कॉर्न" म्हणून दिलं आणि आता तिसऱ्याच्या घरी अंडी आहेत.

उरलेलं भराभर. पिल्लाने पहिली कात टाकल्यावर पहिली पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू, खाऊ म्हणून), त्याआधी मागे लागू नका. फ्रीजरमधल्या पिंकीच्या पाकिटावरही नाव लिहा, आमच्या आईला कोळंबी वाटली होती. पिल्लं येऊरच्या जंगलात किंवा पारसिक डोंगरावर सोडायचा विचारही नको, ग्रँड केमॅन बेटावर बाहेरून आलेले कॉर्न स्नेक असेच पसरून बसलेत. बॉल पायथन किंवा बोआ असेल तर वन्यजीव कायद्याची २०२२ची दुरुस्ती आणि २०२४चे नियम आहेत, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. धामण, तस्कर, अजगर हे आपले साप, ते पाळायचेच नाहीत.

आणि आईच्या टबावरही चिठ्ठी लावा, कारण मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवू शकते, पुढच्या वर्षीची अंडीही त्याच एमोरीची निघू शकतात. ती चिठ्ठी टबाच्या अंगावर.