आयुष्याला अर्थ वाटतो का, हे पोरांना विचारून मोजायचं कसं

जळगाव-धुळ्याकडे एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टला हा विषय घेताय तर स्वतःची प्रश्नावली बनवत बसू नका, मानसशास्त्रज्ञ स्टेगर आणि सहकाऱ्यांची २००६ची (Meaning in Life Questionnaire) तयार आहे, १० वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ मार्क. ५ वाक्यं अर्थ सापडलाय का याची, ५ तो शोधताय का याची. नववं वाक्य उलटं आहे, म्हणजे तिथे जास्त मार्क म्हणजे अर्थ कमी, तिथे ८ मधून उत्तर वजा करायचं, हे विसरलात की सगळा डेटा बोंबलला. आणि दोन्ही गटांची बेरीज वेगवेगळी ठेवा, प्रत्येकी ५ ते ३५, एकत्र करून एकच टोटल काढणारे लय भेटतात.

कारण खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकेत ज्याला अर्थ सापडला तो सहसा कमी शोधतो, पण चीनमधल्या कॉलेजच्या पोरांमध्ये दोन्ही सोबत वाढलेले दिसलेत, म्हणजे शोधणारा दुःखीच असेल असं नाही. आपल्याकडे काय निघेल ते आधीच ठरवू नका.

शोधणारा सुखी आहे का हे बघायला मानसशास्त्रज्ञ डीनरची १९८५ची, आयुष्यात किती समाधानी आहात हे विचारणारी ५ वाक्यांची स्केल जोडा, तिथेही १ ते ७.

मराठीत भाषांतर केलं की दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून ताडून बघा, मग रावेर-यावलच्या दहा-पंधरा पोरांना देऊन कुठं अडतात ते विचारा, घरी अहिराणी किंवा तावडी बोलणारे पुस्तकी मराठीला नुसतं हो हो करतात. फॉर्मवर नाव नको, आणि भरताना सरांना वर्गाबाहेर पाठवा बुवा.