पगाराच्या दिवशी शिष्यत्व कसे पाळावे

प्रारंभ बायबलमधील मार्क 10:17-27 या उताऱ्याच्या सावकाश वाचनाने करावा. लहानपणापासून देवाच्या आज्ञा पाळणारा एक श्रीमंत मनुष्य, ‘आपले सर्व विकून गरिबांना दे’ असे येशूने सांगताच, खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली होती, हे मात्र वाचताना सहसा निसटते. त्यानंतर पासबुक समोर ठेवून, कोणती रक्कम गेली तर आपली झोप उडेल, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे आणि तीच भीती नेमक्या शब्दांत प्रार्थनेत मांडावी. पगार जमा होताच, कर्जाचे हप्ते आणि किराणा यांच्याही आधी, दानाची रक्कम वेगळी काढावी; महिनाअखेरीस उरेल ते देऊ असे म्हटले, की बहुधा काहीच उरत नाही. मत्तय 6:3 प्रमाणे ते गाजावाजा न करता द्यावे. अर्थात, घरच्यांची आबाळ करून केलेले दान म्हणजे विश्वास नव्हे; त्याबाबत 1 तीमथ्य 5:8 फारच कडक आहे. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, परंतु तसे पाऊल प्रत्येकाने उचलावे असे नाही. ‘द्या म्हणजे दुप्पट मिळेल’ अशा उपदेशापासून मात्र दूर राहावे, कारण त्यात भरवसा पुन्हा पैशावरच ठेवलेला असतो.