डाय बदलायला ऐंशी मिनिटं: वेळ नेमका जातो कुठे?

भोसरी-चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये विचारा, दीडशे टनी प्रेसवरची डाय (पत्रा कापणारा, वाकवणारा साचा) बदलायला किती वेळ लागतो? मालक 'वीस-पंचवीस मिनिटं' सांगेल, डाय बसवणारा सेटर 'तास-सव्वा तास'. दोघंही खोटं बोलत नाहीत. मालक फक्त डाय बसवण्याचा वेळ धरतो. मोजायचं असतं ते आधीच्या लॉटच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या लॉटचा पहिला पीस पास होईपर्यंत. क्वालिटीवाल्याची वाट पाहण्यात गेलेली दहा मिनिटंही त्यातच येतात.

हा वेळ कमी करायची पद्धत शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात (आजची माझ्दा) ८०० टनी प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना आणि कामगार तो शोधत फिरत राहिला. मशीन थांबवूनच करायची कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येतील ती वेगळी, ही विभागणी शिंगोंना तिथे सुचली. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आला. तीन मिनिटांचा आकडा आपल्या भिंतीवर लावू नका. लहान शॉपमध्ये ८० चे ३० झाले तरी पुष्कळ.

स्टॉपवॉच काढायच्या आधी फोरमनने सेटर आणि हेल्परशी बोलायला हवं. त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात: वेळ वाचला की माणूस कमी करणार का, आणि ओव्हरटाइम जाणार का? याचं उत्तर मालकाकडून आधी घ्या आणि सगळ्यांसमोर सांगा. पीस रेट किंवा इन्सेंटिव्ह असेल, तर ट्रायलच्या दिवसांत मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने पैसे द्या. नाहीतर ज्याचं नुकसान होतंय तो मदत करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

मग मोबाइल स्टँडवर लावून तीन बदलांचं शूटिंग करा, त्यातला किमान एक रात्रपाळीचा घ्या. व्हिडिओ मालकाच्या केबिनमध्ये बघू नका. सेटर आणि हेल्परला सोबत घेऊन बघा आणि कागदावर फोड त्यांच्याच हाताने लिहू द्या. समजण्यापुरतं एक उदाहरण: जुनी डाय सोडवून काढणं १२ मिनिटं, फोर्कलिफ्टची वाट ९, नवी डाय रॅकवरून आणणं ११, पाने-बोल्ट-पॅकिंग शोधणं १४, डाय बसवून क्लॅम्प करणं १३, शट हाइट (प्रेसचा वरखाली होणारा भाग, म्हणजे रॅम, पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) जुळवून ट्रायल १२, पहिल्या पीसची तपासणी ९. एकूण ८०.

आता प्रत्येक ओळीपुढे लिहा: मशीन थांबलेलंच हवं का? वाट, आणणं आणि शोधणं मिळून ३४ मिनिटं मशीन चालू असतानाच निघू शकतात, तेही एक रुपया न घालवता. लॉट संपायच्या अर्धा तास आधी पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी हवी. सोबत त्या डायचे बोल्ट, क्लॅम्प, पाना आणि गेज. डाय रॅकवरून काढतानाच पंचची (भोक पाडणाऱ्या भागाची) धार आणि तुटलेल्या स्प्रिंग बघा. हे प्रेसवर चढवल्यावर कळलं तर सगळी बचत पाण्यात. क्वालिटीवाल्यालाही पंधरा मिनिटं आधी निरोप जायला हवा.

उरलेल्या ४६ मिनिटांसाठी थोडा खर्च येतो. एम १६ बोल्टची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी; ३० मिमी आटे फिरवायचे म्हणजे १५ फेरे, आणि प्रत्यक्ष पकड शेवटच्या फेऱ्यात येते. म्हणून सगळ्या डायच्या क्लॅम्पिंगच्या जागेची जाडी सारखी करा, बोल्ट एकाच मापाचे ठेवा. एक २४ चा पाना पुरेल. शट हाइटचंही तसंच. डाय २८०, २९५ आणि ३१० मिमी उंचीच्या असतील, तर पहिल्या दोघींच्या बुडाशी ३० आणि १५ मिमीच्या प्लेटा कायमच्या बोल्ट करून सगळ्या ३१० च्या करा. प्लेटमधलं स्क्रॅप पडायचं भोक डायच्या भोकाशी जुळतंय ना ते बघा. प्लेट आड आली तर तुकडे तुंबतात आणि डाय फुटू शकते. कॉइल फीड असेल तर फीडची उंचीही पुन्हा लावावी लागेल.

इथे घाई अजिबात चालत नाही अशी एक जागा आहे. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) काही वेळ फिरतच असतं. मेन स्विच बंद करून कुलूप, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. त्यानंतरच डायमध्ये हात. ब्लॉक वापरायला त्याच्या ठेवायच्या जागेवरून उचलला की त्याचा प्लग मोटरचं सर्किट तोडेल, अशी जोडणी करून घ्या. दोन शिफ्टमध्ये वेळेची शर्यत लावणारा फोरमन बोटं घालवतो.

वाचलेल्या वेळेचं काय करायचं, इथे बरेचजण चुकतात. जास्त माल काढून गोडाऊन भरू नका, लॉट लहान करा. ८० मिनिटांच्या सेटिंगवर ४००० पीस काढले तर पीसमागे १.२ सेकंद पडतात. २० मिनिटांच्या सेटिंगवर १००० काढले तरी तेवढेच. स्टॉक मात्र चौथा हिस्सा, आणि बर (कापलेल्या कडेचा खरखरीत काठ) आला किंवा भोकाचं माप चुकलं तर भंगारही तेवढंच कमी.

महिन्याभरात वेळ पुन्हा चढायला लागतो. ट्रॉली कुणीतरी स्क्रॅपला नेलेली असते, नाहीतर पाना टूलरूममध्ये असतो. फोरमनने रोज दहा मिनिटं प्रेसशी उभं राहून कालचा वेळ फळ्यावर लिहावा, आणि वाढला असेल तर 'कुणामुळे' ऐवजी 'काय मिळालं नाही' असं विचारावं. उत्तर 'ट्रॉली' असेल, तर ती त्याच दिवशी परत आणणं हे फोरमनचं काम, सेटरचं नव्हे.